समुद्राचे गणित आणि लोणारचा ताळा



आपल्या बुलडाणा जिल्ह्यात समुद्र नाही. मग समुद्रावर लेख कशाला, असे तुम्हाला वाटेल. मी हा विषय घेतला तेव्हा आमचे आजोबाही म्हणाले, "लेका, आपल्याले काय करायचं समुद्राचं? आपली विहीर भरली म्हंजे झालं."

पण आपल्या जिल्ह्यातून अजिंठ्याचे डोंगर गेले आहेत. त्यांच्या उत्तरेकडचे पाणी पूर्णेत, पूर्णेतून तापीत आणि तापीतून अरबी समुद्रात जाते. दक्षिणेकडचे पाणी पैनगंगा आणि खडकपूर्णा यांतून शेवटी गोदावरीला मिळते आणि बंगालच्या उपसागरात जाते. म्हणजे एकाच डोंगराच्या दोन उतारांचे पाणी दोन समुद्रांना! आणि विहीर भरणारा पाऊससुद्धा समुद्रावरूनच येतो. हे सांगितल्यावर आजोबा म्हणाले, "मंग लिही बापा."

२०२० सालच्या जून महिन्यात आपले लोणारचे सरोवर गुलाबी झाले होते. घरातल्या मोठ्यांना ते आठवत असेल. माझी चुलतबहीण कॉलेजात भूगोल शिकते. तिने मला लोणारची दोन चित्रे दाखवली. अमेरिकेच्या लँडसॅट-८ या उपग्रहाने ती घेतलेली आहेत, एक २५ मे २०२० चे आणि दुसरे १० जून २०२० चे. पहिल्यात पाणी हिरवट आहे आणि दुसऱ्यात चक्क गुलाबी. मी म्हणालो, "ताई, काय भारी फोटो आहे!" ताई म्हणाली, "उपग्रह फोटो पाठवत नाही रे, आकडे पाठवतो. त्यांचं चित्र आपण करतो."

हे मला आधी पटलं नाही. मग तिने गणिताची चौकटीची वही घेतली आणि प्रत्येक चौकटीत एक आकडा लिहिला. उपग्रह असेच करतो. जमिनीचे आणि पाण्याचे सारखे चौकोन पाडतो आणि प्रत्येक चौकोनातून किती उजेड आला ते मोजतो. निळा किती, हिरवा किती, लाल किती, असे वेगवेगळे. लँडसॅट-८ चा एक चौकोन ३० मीटरचा असतो. समुद्र पाहणाऱ्या उपग्रहांचा चौकोन मोठा असतो, कारण समुद्रच अफाट आहे. भारताने २६ मे १९९९ रोजी ओशनसॅट-१ हा उपग्रह सोडला. त्याचा चौकोन ३६० मीटरचा होता आणि तो उजेडाचे ८ पट्टे मोजत असे. त्यानंतर २००९ मध्ये ओशनसॅट-२ गेला. २६ नोव्हेंबर २०२२ रोजी त्याच घराण्यातला ईओएस-०६ गेला. त्याचा समुद्राचा रंग पाहणारा कॅमेरा १३ पट्टे मोजतो.

आता एवढे आकडे हाताने कोण मोजणार? त्यासाठी संगणकाला सूचनांचा संच द्यावा लागतो. त्यालाच सॉफ्टवेअर म्हणतात. समुद्राच्या चित्रांसाठी अमेरिकेच्या नासा संस्थेने सीडास नावाचे सॉफ्टवेअर तयार केले आहे, आणि युरोपच्या अवकाश संस्थेने स्नॅप नावाचे. दोन्ही फुकट मिळतात. ताईच्या लॅपटॉपवर स्नॅप आहे. ते काय काय करते, ते तिने मला एकेक पायरी करून दाखवले.

पहिली पायरी : प्रत्येक चौकोनाला त्याचे अक्षांश-रेखांश देणे. नाहीतर मालवणचा आकडा मुंबईला जाऊन बसायचा!

दुसरी पायरी : ढगांचे चौकोन खोडणे. ढगाखालचे पाणी या कॅमेऱ्याला दिसत नाही. म्हणून पावसाळ्यात कोकणच्या समुद्राचे चित्र बहुतेक वेळा भोकाभोकांचे येते. ऊन पाण्यावर पडून आरशासारखे चमकते, तेही चौकोन खोडावे लागतात.

तिसरी पायरी : हवेची वजाबाकी. ही सगळ्यात अवघड. उपग्रह शेकडो किलोमीटर वर असतो. समुद्रावरून त्याच्याकडे जो उजेड येतो, त्यात शंभरातले सुमारे नव्वद भाग हवेचे आणि धुळीचेच असतात. पाण्याच्या आतून आलेले फक्त दहा. म्हणून १०० मधून ९० वजा करायचे. पण समजा, हवेचा अंदाज जरासा चुकला आणि आपण ९० ऐवजी ९१ वजा केले, तर पाण्याचे १० ऐवजी ९ च उरतील. हवेत एकाची चूक झाली आणि पाण्याचा दहावा हिस्सा गेला! वजाबाकीत एक हातचा विसरला तर आपले फार तर दोन गुण जातात. इथे समुद्रच चुकतो.

चौथी पायरी : निळा आणि हिरवा यांची तुलना. समुद्रात डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक वनस्पती तरंगतात. त्यांना वनस्पती प्लवक म्हणतात. त्यांच्यात झाडाच्या पानासारखेच हरितद्रव्य असते. हरितद्रव्य निळा उजेड खाते आणि हिरवा परत पाठवते. म्हणून निळा कमी नि हिरवा जास्त आला, तर त्या पाण्यात हरितद्रव्य जास्त.

याचा एक प्रयोग तुम्ही घरी करा. दोन काचेच्या पेल्यांखाली पांढरा कागद ठेवा. एकात साधे पाणी आणि दुसऱ्यात हौदातले शेवाळाचे हिरवे पाणी घ्या. वरून निळ्या जिलेटिनच्या कागदातून पाहा, मग हिरव्यातून पाहा. निळ्यातून शेवाळाचे पाणी काळपट दिसेल आणि हिरव्यातून उजळ. उपग्रहाचा कॅमेरा अशाच वेगवेगळ्या रंगांतून पाहत असतो.

पाचवी पायरी : रंग भरणे. इथे फसू नका. या नकाशात समुद्र कुठे कुठे लाल दिसतो, पण पाणी लाल नसते. जिथे हरितद्रव्य जास्त, तिथे लाल भरायचा, असे माणसाने ठरवलेले असते. भूगोलाच्या पुस्तकात नकाशाखालची सूची आपण आधी वाचतो, तसेच इथेही करावे.

एवढा खटाटोप कशासाठी? मासेमार बांधवांसाठी. प्लवकावर बारीक जीव जगतात, त्यांच्यावर लहान मासे आणि लहान माशांवर मोठे मासे. शिवाय दुसरे उपग्रह उष्णतेच्या अदृश्य किरणांवरून पाण्याचे तापमान मोजतात. गार पाणी खालून वर येते तेव्हा आपल्याबरोबर प्लवकाचे खत घेऊन येते. गार आणि कोमट पाण्याची जिथे हद्द असते, तिथे मासे जमण्याचा संभव जास्त. हैदराबादला इन्कॉइस ही केंद्र सरकारची संस्था आहे. ती १९९९ मध्ये स्थापन झाली. ती हरितद्रव्य आणि तापमान यांचे नकाशे एकमेकांशी ताडून पाहते आणि संभाव्य मत्स्यक्षेत्राची सूचना काढते. अमुक बंदरापासून अमुक दिशेला इतके किलोमीटर जा, तिथे समुद्र इतका खोल आहे, अशी ती सूचना असते. ती मराठीतूनही मिळते. मासा सापडेलच अशी हमी नसते, पण नुसते शोधत फिरण्यातले डिझेल वाचते. आपल्याकडे हवामानाचा अंदाज ऐकून पेरणीचे ठरवतात, तसेच हे आहे.

मी ताईला विचारले, "मग संगणक सांगतो ते खरंच असतं का?" ती म्हणाली, "भागाकार झाल्यावर तू काय करतोस?" मी म्हणालो, "ताळा." ती म्हणाली, "इथंही ताळाच."

समुद्राचा ताळा पाण्यात उतरून करावा लागतो. बोटीवरून नमुने घेतात, पाण्यात तरंगती यंत्रे ठेवतात. लक्षद्वीपमध्ये कवरत्तीजवळ इस्रोने अशी सोय केलेली आहे. तिथे यंत्राने मोजलेला आकडा आणि उपग्रहावरून काढलेला आकडा जुळतो का ते पाहतात. खोल, स्वच्छ समुद्रात तो बराच जुळतो. पण आपल्या पूर्णेचे पाणी तापीबरोबर जिथे समुद्राला मिळते, त्या खंबातच्या आखातात पाणी फार गढूळ असते. मातीमुळेही निळा आणि हिरवा उजेड बदलतो आणि साधे सूत्र चिखलालाच हरितद्रव्य समजू शकते. म्हणून गढूळ पाण्यासाठी वेगळी सूत्रे वापरावी लागतात.

मला वाटलं, हेच सॉफ्टवेअर लोणारवर चालवून पाहू. ताईने सेंटिनेल-३ या युरोपच्या उपग्रहाचे चित्र उघडले. त्याचा चौकोन ३०० मीटरचा, आणि आपले सरोवर सुमारे १२०० मीटर रुंद. म्हणजे आडवे फक्त चारच चौकोन! त्यातही काठच्या चौकोनांत अर्धे पाणी आणि अर्धे झाड. माझा हिरमोड झाला. वर ताई म्हणाली की समुद्राचे सूत्र लोणारच्या खाऱ्या, अल्कधर्मी पाण्याला लावणेच बरोबर नाही.

मग पाणी गुलाबी का झाले, हे कसे कळले? रंग बदलला, एवढे वरून दिसले. कारण मात्र खाली उतरल्यावरच कळले. वनखात्याने पाण्याचे नमुने घेतले आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत ते तपासले गेले. त्यात हॅलोआर्किया नावाचे, फार खारट पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव सापडले. उन्हाळ्यात पाणी आटले, खारटपणा वाढला, हे जीव वाढले आणि त्यांच्या गुलाबी रंगद्रव्याने पाणी रंगले. पुढे पाऊस पडून पाणी वाढले आणि रंग ओसरला.

तेव्हा मित्रांनो, उपग्रहाचे चित्र पाहिले की तीन गोष्टी विचारा. चौकोन किती मोठा आहे? रंग खरे आहेत की भरलेले? आणि ताळा कुणी करून पाहिला का? पालकहो, मोबाइलवर अशी रंगीत चित्रे पुष्कळ येतात. पुढे पाठवण्याआधी तुम्हीही हे तीन प्रश्न विचारा.

जाता जाता एक गणित. लोणार सरोवर १२०० मीटर रुंद धरले, तर लँडसॅट-८ च्या चित्रात आडवे किती चौकोन येतील? उत्तर वर्गात येऊन सांगा. पण ताळा करून सांगा!

— इयत्ता सातवी