निम्मे अणू पृष्ठभागावर

नगरच्या घाण्यावर निघणाऱ्या शेंगदाणा तेलात सर्वांत मोठा वाटा असतो ओलिक आम्लाचा. अर्धवाहक नॅनोस्फटिक बनवणाऱ्या जगभरच्या प्रयोगशाळांतही हेच आम्ल बाटल्या भरून ठेवलेलं असतं. ते तिथे कशाला?

तीन नॅनोमीटरच्या अशा स्फटिककणातले जवळपास निम्मे अणू पृष्ठभागावर असतात. आतल्या अणूला चहूबाजूंनी शेजारी मिळतात, कडेच्या अणूचे काही बंध मात्र मोकळे राहतात. प्रकाशाने उसळलेला इलेक्ट्रॉन अशा मोकळ्या बंधात अडकला, की त्याची ऊर्जा उजेडाऐवजी उष्णतेत जिरते. शिवाय उघडे कण एकमेकांना चिकटून वाढत जातात आणि आकारावर ठरणारा रंगच बिघडतो. म्हणून कणाला रेणूंचं अस्तर हवं.

पुणे विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात हे काम फार लवकर सुरू झालं. शैलजा महामुनी, सुलभा कुलकर्णी आणि सहकाऱ्यांचा थायोफेनॉलचं अस्तर दिलेल्या झिंक सल्फाइडच्या कणांवरचा शोधनिबंध 1993चा. झिंकच्या क्षारात सोडियम सल्फाइड ओतलं की एरवी क्षणात पांढरा साका बसतो. थायोफेनॉल असेल, तर त्याचं सल्फरचं टोक पृष्ठभागावरच्या झिंकला धरतं, बेन्झिनचं कडं बाहेर राहतं आणि कणाची वाढ खुंटते. (वास मात्र असा, की फ्यूम हूडबाहेर बाटली उघडूच नये.) 1995 मध्ये याच विभागातून पाण्यात बनवलेले मँगनीजमिश्रित कण आले, मँगनीजमुळे झिंक सल्फाइड नारिंगी उजळतं.

अमेरिकेत मुंगी बावेंडी यांच्या गटाने 1993 मध्येच तापलेल्या द्रवात रसायनं टोचून अत्यंत एकसारखे कण मिळवले. त्यांना 2023च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. पाण्यातल्या पद्धतीत इतका सारखेपणा सहसा साधत नाही, पण चंचुपात्र आणि ढवळणीवर भागतं. पुणे विद्यापीठाशी संलग्न असलेल्या नगर जिल्ह्यातल्या महाविद्यालयांना हा फरक लहान नाही.

तापवलेल्या पद्धतीत पुढे अस्तर म्हणून ओलिक आम्ल रुळलं. त्याची अठरा कार्बनची शेपटी कणांना तेलकट द्रावणात छान तरंगत ठेवते, पण वीज अडवते. प्रकाश देणाऱ्या कणाला ते चालतं, सौरघटाला नाही. 2011 मध्ये शिकागोत दिमित्री तालापिन यांच्या गटात अंगशुमन नाग यांनी अशा शेपटीचं अस्तर काढून त्याजागी इवलासा सल्फाइड आयन बसवून दाखवला. नाग पुढे पुण्याच्या आयसर या विज्ञान शिक्षण-संशोधन संस्थेत आले. तिथे ते पेरोव्स्काइट या वेगळ्या रचनेच्या अर्धवाहकाच्या नॅनोस्फटिकांवरही काम करतात. या स्फटिकांवरचं अस्तर इतकं सैल, की शुद्धीकरणासाठी धुतानाच ते सुटू लागतं.