तहान लागण्यापूर्वी विहीर : आळीने मिळून करायची तयारी

मृग तोंडावर आला की शेतकऱ्याच्या घरी कामाची झुंबड उडते. घर शाकारायचे, कौले चाळायची, बांध नीट करायचे, बियाणे भरायचे, वैरण झाकून ठेवायची. हे सारे आपण न सांगता करतो. पण रात्री दोन वाजता अडचण आली, तर आळीतल्या अंथरुणाला खिळलेल्या आजीला कोण उचलणार, हे ठरवून ठेवले आहे का? बहुतेक ठिकाणी उत्तर 'नाही' असेच येईल.

धायरीचेच उदाहरण घ्या. खडकवासल्याहून पुण्याकडे येताना मुठेच्या उजव्या अंगाला हे गाव. धारेश्वराचे देऊळ, आसपास शेती, सगळे एकमेकांच्या ओळखीचे. २०१७ साली गाव पुणे महापालिकेत गेले. शिवारात इमारती उभ्या राहिल्या, दूरदूरची कुटुंबे राहायला आली. वस्ती वाढली, पण ओळखी घटल्या. भिंतीला भिंत लागून आहे, तरी पलीकडे कोण राहते ते ठाऊक नाही. आपल्या गावाच्या वेशीवर शहर आले असेल, तर हे चित्र तुमच्याही परिचयाचे असेल.

संकट सांगून येत नाही

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि त्या लोंढ्याने खालचे खडकवासल्याचे धरणही फुटले. आदल्या रात्री जवानांनी वाळूची पोती रचून पानशेतचा बांध काही तास धरून ठेवला. त्यामुळे पुण्यात पाणी शिरले ते दिवसाउजेडी, आणि कितीतरी लोकांना पळायला सवड मिळाली. काही तासांची किंमत काय असते, ते यावरून कळते. पुढे नळाला पाणी नाही म्हणून लोकांना जुन्या विहिरी आठवल्या.

आता आजची गोष्ट. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांत मिळून सुमारे २९ टीएमसी पाणी मावते. त्यातले खडकवासल्यात दोन टीएमसीसुद्धा मावत नाही. वरून पाणी आले की ते नदीत सोडण्यावाचून गत्यंतर नसते. २५ जुलै २०२४ रोजी विसर्ग ३५ हजार क्युसेकवर गेला. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. हिशेब करून पाहा, दर सेकंदाला जवळजवळ दहा लाख लिटर पाणी! त्या दिवशी सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरले आणि माणसांना होड्यांतून बाहेर काढावे लागले.

सगळीच संकटे पुराच्या रूपाने येत नाहीत. जानेवारी २०२५ मध्ये धायरी, नांदेड, किरकटवाडी या पट्ट्यात 'जीबीएस' या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण आढळले. हातापायांतली शक्ती जाण्याचा हा आजार, आणि संशय दूषित पाण्यावर. अशा वेळी 'पाणी उकळून प्या' हा निरोप एका घरात पोहोचून भागत नाही, तो प्रत्येक घरी पोहोचावा लागतो.

३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातले माळीण डोंगराखाली गाडले गेले, दीडशेच्या वर माणसे गेली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा लोक गाढ झोपेत होते. सरकारी मदत येते, पण तिला वाट कापून यावे लागते. पहिला हात लागतो तो शेजाऱ्याचाच. कोण कोणत्या खोलीत झोपतो, हे त्यालाच ठाऊक असते.

मग करायचे काय?

फार खर्चाचे काम नाही. वीस-पंचवीस घरांची एक आळी धरा आणि एका रविवारी देवळात किंवा शाळेत बसा. भाडेकरूंनाही आवर्जून बोलवा.

पहिले काम यादीचे. कोणत्या घरी वृद्ध आहेत, कोण गरोदर आहे, कोणाला रोजचे औषध किंवा इन्सुलिन लागते, गोठ्यात जनावरे किती, हे वहीत लिहा. हे काम आळीतल्या बायकांकडे द्यावे, घरोघरची माहिती त्यांनाच खरी असते. अशा प्रत्येक घरासाठी दोन माणसे नेमा. एकच नेमला आणि तो नेमका परगावी गेला तर?

दुसरे काम वस्तूंचे. शिडी, लांब दोर, पहार, फावडी, बॅटऱ्या, प्रथमोपचाराची पेटी कोणाकडे आहे ते लिहा. गणेश मंडळाकडे दोर, जनरेटर, ध्वनिक्षेपक आणि धावपळ करणारी पोरे असतात. वर्षातून दहा दिवस उपयोगी पडणारे हे बळ बाकीचे दिवसही कामी येईल.

तिसरे पाण्याचे. वीज गेली की बोअरची मोटार बंद. म्हणून जुनी विहीर बुजवू नका, गाळ काढा, वर जाळी बसवा, पोहरा-दोर ठेवा. हे पाणी गाळून आणि उकळूनच प्यावे.

चौथे इशाऱ्याचे. मोबाइल बंद पडतो, देवळाची घंटा पडत नाही. ती कशी वाजली म्हणजे काय समजायचे, ते ठरवा. जमायची उंचावरची जागाही ठरवा. पाणी चढू लागले तर जनावरांची दावी आधी सोडा. बांधलेले जनावर जागीच बुडते, मोकळे असले तर वाट काढते. ११२ आणि १०८ हे क्रमांक लहान मुलांकडूनही पाठ करून घ्या.

शेवटी एकदा रंगीत तालीम करा. घंटा वाजवा आणि किती वेळात सगळे जमतात ते घड्याळ लावून पाहा. कोण मागे राहिले, कोणाला निरोपच मिळाला नाही, हे तेव्हाच उघडकीला येईल. ते हसतखेळत कळलेले बरे!

दरसाल मृगापूर्वी यादी पुन्हा तपासा. माणसे जातात, नवी येतात, बाळे जन्मतात. गाव करील ते राव काय करील, असे आपण म्हणतो. पण गावाने करायचे तर आधी गावाने एकमेकांना ओळखले पाहिजे. तेव्हा या रविवारी उंबरा ओलांडा आणि शेजारच्या दाराची कडी वाजवा.