आरएनएलआय : दोनशे वर्षांची बचावसेवा

'रॉयल नॅशनल लाइफबोट इन्स्टिट्यूशन' ही ब्रिटन आणि आयर्लंडच्या किनाऱ्यांवर बुडत्यांना वाचवणारी धर्मादाय संस्था. नौकांवरचे बहुतेक खलाशी बिनपगारी स्वयंसेवक.

• स्थापना : ४ मार्च १८२४, लंडन. पुढाकार सर विल्यम हिलरी यांचा. सध्याचे नाव १८५४ पासून.

• निधी : मुख्यतः देणग्या आणि मृत्युपत्रांतील दान. १८९१मध्ये मँचेस्टरच्या रस्त्यांवर पहिला 'लाइफबोट सॅटर्डे' हा निधीसंकलन-दिन.

• शौर्य : क्रोमरच्या बचावनौकेचे प्रमुख हेन्री ब्लॉग. संस्थेची तीन सुवर्णपदके.

• बलिदान : १९ डिसेंबर १९८१. कॉर्नवॉलजवळच्या वादळात पेनलीच्या नौकेवरील आठही स्वयंसेवक मृत्युमुखी.

• द्विशताब्दी : ४ मार्च २०२४, वेस्टमिन्स्टर ॲबेत कृतज्ञता-प्रार्थना. तोवर वाचलेले जीव १ लाख ४४ हजारांहून अधिक.

• तटरक्षक दलाशी फरक : ब्रिटनचे तटरक्षक दल सरकारी. मदतीची हाक तेच घेते आणि संस्थेला नौका सोडण्याची विनंती करते.