सोड्यातला वायू तेल काढतो

हळद, आले, मिरी यांच्या अर्काच्या काही बाटल्यांवर ‘सीओटू एक्स्ट्रॅक्ट’ असे छापलेले असते. हे काय असते आणि आपल्या गटाच्या कामाचे आहे का, ते आज आपण समजून घेऊ.

जवस घाण्यात दाबला की तेल निघते, पण थोडे पेंडीत उरतेच. तेही काढायला मोठे कारखाने हेक्झेन वापरतात. त्यात तेल विरघळते, मग तापवून हेक्झेन उडवून द्यावे लागते. ते चटकन पेट घेते, म्हणून फार जपावे लागते.

दुसरी वाट कार्बन डायऑक्साइडची. सोड्याच्या बाटलीतून फसफसतो तोच हा वायू. तो ३१ अंश सेल्सिअसच्या वर ठेवून हवेच्या सुमारे ७३ पट दाबाखाली आणला, की ना धड वायू राहतो ना धड द्रव होतो. वायूसारखा बारीक फटीत शिरतो आणि द्रवासारखे तेल विरघळवतो. या अवस्थेला सुपरक्रिटिकल म्हणतात. दाब सोडला की वायू निघून जातो, तेल खाली उरते. जर्मनीत कुर्ट झोसेल यांनी १९६०च्या दशकात याच वायूने कॉफीतले कॅफिन काढण्याची रीत शोधली.

प्रयोगशाळेत याच रीतीने स्निग्धांशही मोजतात. जवसाच्या ५ ग्रॅम पुडीतून २ ग्रॅम तेल निघाले, तर तेल ४० टक्के. मात्र तेलातला चिकट भाग, म्हणजे फॉस्फोलिपिड, या वायूत नीट विरघळत नाही. तो हवा असेल तर सोबत थोडे अल्कोहोल द्यावे लागते.

मग गटाने हे यंत्र घ्यावे का? आपल्या कुकरची शिटी होते तेव्हा आत हवेच्या जेमतेम दुप्पट दाब असतो. तेलबियांसाठी या यंत्रात ३०० पट किंवा त्याहून जास्त लागतो. त्याला जाड पोलादी भांडी, शिकलेला माणूस आणि मोठे भांडवल हवे. शेडमध्ये मांडायचे हे काम नव्हे. कुणी कर्ज काढायला सांगितले, तर आधी माल किती, गिऱ्हाईक कोण आणि दुरुस्ती कोण करणार, हे विचारा.

आपल्या हातात आहे तो माल. बी नीट वाळवा, निवडा, बुरशी लागलेले बाजूला काढा. मोठा सौदा करण्याआधी तेलाचा टक्का तपासून घ्या, म्हणजे भाव ठरवताना आकडा आपल्याही हाती असेल. आणि लाकडी घाण्याच्या तेलातही हेक्झेन नसतेच, हे गिऱ्हाइकाला ठणकावून सांगा.