साडेतीनशे

"पैसे बुडाले नाहीत, पण झोप गेली." सोलापूरहून तुळजापूरला निघालो होतो. तामलवाडीला चहासाठी थांबलो आणि हे वाक्य कानावर पडलं. वाटलं, सोयाबीनच्या भावाचं चाललंय. चाललं होतं 'तुंबाड'चं. त्यानंतर मी दोनदा मुद्दाम गेलो.

हायवेलगत पत्र्याचं छप्पर, दोन बाक, पाच-सहा पोरं. निकालाचं माप एकच: साडेतीनशे रुपये. सिनेमाला सोलापूर गाठायचं तर पेट्रोल, तिकीट, वडापाव धरून माणशी साडेतीनशे, असा हिशेब पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरानं मांडला. "पुण्यात सिनेमा पडेल निघाला तर संध्याकाळ जाते. आमची हजेरी जाते." चांदण्या वाटणाऱ्या समीक्षकांपेक्षा मला हे माप खरं वाटतं.

निराशा झाली असं इथं कुणी म्हणत नाही. "साडेतीनशे गेले बे" म्हणतात. महाराजांवरच्या सिनेमांची पाळी आली की मात्र आवाज खाली येतो. वाईट म्हणायचं कसं? एकजण हळूच म्हणाला, "लढाई कम्प्युटरची, भाषण तेवढं मोठं." कुणी हसलं नाही, कुणी खोडलंही नाही.

दुर्लक्षित म्हणून सगळ्यात जास्त भांडण 'झुंड'वर. नागराज मंजुळे करमाळ्याकडच्या जेऊरचा, म्हणजे जवळपास घरचाच. 'सैराट'ला 2016मध्ये ही पोरं टेम्पो करून गेली होती; 2022मध्ये 'झुंड'ला त्यांच्यातला ट्रॅक्टर चालवणारा एकटाच. "अमिताभ होता, तरी कुणी आलं नाही," हे तो अजून सोयऱ्यांनी लग्नाला पाठ फिरवल्यासारखं सांगतो. उलट भरतीवाला खूश. 2018चा 'तुंबाड' सप्टेंबर 2024मध्ये परत लागला आणि पहिल्या खेपेपेक्षा जास्त कमावून गेला. तो विजय त्याला स्वतःचाच वाटतो.

मी परत जात होतो ते चहावाल्यासाठी. पन्नाशीचा माणूस, बोलत नाही. पहिल्या दिवशी 'फँड्री'चं नाव निघालं तेव्हा त्यानं उकळता चहा उगाचच पुन्हा ढवळला होता. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या खेपेला पोरं 'फँड्री'च्या शेवटी जब्या भिरकावतो त्या दगडावर आली. तो दगड आपल्यालाच लागतो, असं कुणी म्हणालं.

"दगडाचं नाही," चहावाला म्हणाला. "शाळेत राष्ट्रगीत लागतं तिथं."

डुकराच्या मागं धावणारा जब्या जागच्या जागी थांबतो, बापही थांबतो, आणि डुक्कर निघून जातं.

"टीव्हीवर लागला होता. मी पण उभारलो घरात. पोरगी हसायली. मग तीबी गप झाली."

भरतीवाल्यानं सवयीनं विचारलं, "मग काका, साडेतीनशे वसूल का?"

"फुकट दाखवला तरी आता नको," तो म्हणाला आणि बाहेर थांबलेल्या ट्रकवाल्याचा चहा गाळायला लागला.