बोलणी बसली नाहीत? मग शाबासकी समजा!

महाराष्ट्रातून दहा हजार कुशल कामगार जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात पाठवण्याचा करार २०२४ मध्ये झाला. तेव्हापासून चर्चा आहे ती व्हिसा, पगार आणि जर्मन भाषेच्या बी-१, बी-२ परीक्षांची. परीक्षेपुरतं व्याकरण पाठ होतं, पण समोरचा मुकादम खूश आहे की वैतागलाय, हे त्याच्या बोलण्यावरून ओळखायला कोण शिकवणार?

त्या राज्यातल्या श्वाबी लोकांची म्हण आहे, ‘नेट ग्शिम्फ्ट इश ग्लोप्ट ग्नुग’. बोलणी बसली नाहीत, एवढं कौतुक पुष्कळ झालं! ही न्यूनोक्ती: आहे त्यापेक्षा कमी बोलायचं, शक्यतो नकार वापरून. तेव्हा तिथल्या स्टुटगार्ट शहरात कुणी तुमच्या कामाला ‘निश्ट श्लेश्ट’, म्हणजे ‘वाईट नाही’, म्हणालं तर खट्टू होऊ नका. बहुधा ती शाबासकीच असते.

इंग्रज तर संकटसुद्धा असंच कमी करून सांगतात. एप्रिल १९५१ मध्ये कोरियात इमजिन नदीवर चिनी फौजा ब्रिटिश ब्रिगेडवर तुटून पडल्या. ब्रिगेडियर टॉम ब्रॉडी यांनी अमेरिकी वरिष्ठांना कळवलं, परिस्थिती ‘अ बिट स्टिकी’, म्हणजे जराशी बिकट आहे. ब्रिटिश कानांना हा टाहो होता. अमेरिकी कानांना वाटलं, निभेल. मदत आणि माघारीचा हुकूम वेळेत आला नाही, असं सांगतात. ग्लॉस्टर बटालियनचे बहुतेक सैनिक मारले गेले किंवा कैद झाले. दोघांची भाषा इंग्रजीच, तरी ही गत.

श्वाबी मुलखाचा विनोद मात्र झकास. १९९९ मध्ये बाडेन-व्युर्टेम्बर्गने स्वतःची जाहिरात केली, ‘व्हिर क्योनन आलेस. आउसर होखडॉइच.’ आम्हाला सगळं जमतं, प्रमाण जर्मन सोडून! आधी अतिशयोक्तीचा फुगा, मग टाचणी. क्रम उलटा केला तर सगळी गंमत जाते. २०२१ मध्ये त्या जाहिरातीची जागा ‘द लेंड’ने घेतली. इंग्रजी ‘द’, पुढे जर्मन ‘लांड’, त्यातल्या ‘आ’वर दोन टिंबं. हा द्विभाषिक श्लेष मला तरी ओढूनताणून आणलेला वाटतो.

न्यूनोक्ती आधी ओळखायला शिकावी, वापरायची घाई नको. नवख्याने साहेबाच्या कामाला ‘वाईट नाही’ म्हटलं तर ते आगाऊपणाचं वाटेल. आणि संकटात तर ती नकोच: रुग्णाचा रक्तदाब कोसळत असेल, तर ‘जरा काळजी वाटते’ म्हणू नये. सरळ आकडा सांगावा.

जर्मनचे वर्ग चालवणाऱ्यांनी ‘डेर-डी-डास’ या आर्टिकलांच्या घोकंपट्टीतून आठवड्याला एक तास अशा तिरकस बोलण्यासाठी काढावा. आर्टिकल चुकलं तर जर्मन माणूस सांभाळून घेईल. तिरकस बोलणं कळलं नाही, तर ते उलगडून सांगायला मात्र कुणी थांबणार नाही.