दोन नोंदी, एक गाव

नळाला पाणी आले नाही, तर मुळशी तालुक्यातील सूस गावच्या रहिवाशाने तक्रार कोणाकडे करावी? २०२० सालची नोंद म्हणते, ‘ग्रामपंचायतीकडे’. २०२२ सालची म्हणते, ‘पुणे महानगरपालिकेकडे’. यांत खोटी कोणतीच नाही. २०२१ च्या जूनमध्ये हे गाव महानगरपालिकेत समाविष्ट झाले. म्हणून उत्तर शोधताना प्रथम काळ पाहावा.

परंतु समजा, २०२२ सालच्याच दुसऱ्या कागदावर ‘ग्रामपंचायत’ असे लिहिले आहे. मनुष्यास शंका येते. संगणकास ती आपोआप येत नाही. त्याकरिता शब्दांचे अर्थ, परस्परसंबंध व नियम त्याला लिहून द्यावे लागतात. या मांडणीस ‘ऑन्टॉलॉजी’ म्हणतात. ‘एका वेळी एका गावाचा कारभार या दोन्ही संस्थांकडे नसतो’ हा तिच्यातील नियम विसंगती उघड करतो. ‘दोन्ही स्थानिक स्वराज्य संस्थाच होत’ हेही तिच्यात नमूद असते. म्हणून खरी नोंद ठरेपर्यंत संगणक दोन्ही कागदांवरून निघते तेवढेच सांगतो: गावास स्थानिक स्वराज्य संस्था आहे. ती कोणती, याविषयी तो मौन पाळतो. तक्रार घेऊन आलेल्यास चुकीच्या दारी पाठविण्यापेक्षा हे मौनच हिताचे नव्हे काय?